कविवर्य ‘बी’ : वीस वर्षांच्या मौनानंतर

भुसावळहून नागपूरकडे जाणारी गाडी बोदवड मागे टाकून पुढे निघाली, की थोड्याच वेळात मलकापूरचे स्टेशन येते. येथे आपला खानदेश संपतो आणि वऱ्हाड सुरू होते. सरकारी नकाशावर ही सीमा स्पष्ट असली, तरी माणसांच्या व्यवहारात ती तितकी स्पष्ट कधीच नव्हती. सोयरसंबंध, बाजारहाट, कापसाचा व्यापार, पंढरीची आणि शेगावची वारी या सर्व निमित्तांनी इकडची माणसे तिकडे आणि तिकडची इकडे सतत येत-जात राहिली. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांचे एक घर जळगाव-धुळ्याकडे, तर दुसरे मलकापूर-अकोल्याकडे आहे. या मलकापूर गावी १ जून १८७२ रोजी नारायण मुरलीधर गुप्ते यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना ‘बी’ या एकाक्षरी नावाने ओळखतो.

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा ते संत, समाजसुधारक वा देशभक्त यांचे असते. यंदा कवीचे चरित्र का, असा प्रश्न काही वाचक बंधुभगिनींच्या मनात येईल. कवी कोणत्याही एका ज्ञातीचा नसतो, तो भाषेचा असतो, हे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की, हे चरित्र आपल्यासारख्या मध्यम स्थितीतील नोकरदार माणसाचे आहे. मोठी पदवी नाही, मोठा हुद्दा नाही, द्रव्य नाही. तारुण्यात एक कविता छापून आली आणि मग वीस वर्षे त्यांचा स्वर मराठी वाचकांच्या कानी पडला नाही. मात्र वीस वर्षांनंतर हाच मनुष्य पुन्हा लेखणी उचलतो आणि मराठी भाषा विसरणार नाही अशा कविता लिहून जातो. हे कसे घडले, हे जाणून घेणे आपणा सर्वांना हितकारक आहे, असे मला वाटते.

गुप्ते यांचे बालपण व शिक्षण वऱ्हाडातच झाले. यवतमाळ आणि अमरावती येथे ते शिकले व मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोहोचले. पुढे घरच्या अडचणींनी शिक्षणाची वाट अडविली आणि त्यांनी वऱ्हाडातच सरकारी नोकरी पत्करली. त्या काळी हुशार परंतु अडचणीतील घराच्या मुलापुढे याहून दुसरा मार्ग क्वचितच असे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. त्यामुळे वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलाला एके दिवशी शाळा सोडून कचेरीच्या दारात उभे राहावे लागते तेव्हा त्याच्या मनाची काय अवस्था होते, हे मला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१८९१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांची ‘प्रणयपत्रिका’ ही कविता हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ पत्रात प्रसिद्ध झाली. हरिभाऊंनी हे साप्ताहिक १८९० साली पुण्यात सुरू केले होते आणि त्यांच्या कादंबऱ्यांमुळे सुशिक्षित घरांत त्याची वाट पाहिली जात असे. वऱ्हाडातल्या एका अपरिचित तरुणाची कविता अशा पत्रात छापली जाणे ही सामान्य गोष्ट नव्हती. दुसऱ्या कोणी या यशाने उत्साहित होऊन दर महिन्यास एक कविता धाडली असती. गुप्ते यांच्या बाबतीत तसे घडले नाही. पहिल्या कवितेपाठोपाठ दुसरी आली नाही. एक वर्ष गेले, पाच गेली, दहा गेली आणि अखेर वीस वर्षे लोटली.

या वीस वर्षांत त्यांचा दिवस कचेरीचा होता. कारकुनाची नोकरी म्हणजे काय, हे जुन्या पिढीतील वाचकांना ठाऊक आहेच. आवक-जावकीची नोंद, अर्जांच्या नकला, हिशेबाच्या वह्या, साहेबांच्या दौऱ्याची तयारी. सकाळी जी मान खाली घातली, ती सायंकाळी दिवेलागणीलाच वर व्हायची. दिवसभर दुसऱ्याचा मजकूर लिहून थकलेल्या हाताला रात्री स्वतःचा मजकूर लिहिण्याची इच्छा राहणे फार कठीण असते. शिवाय तो काळही कठीण होता. १८९६ पासून प्लेगने मुलूख पोखरला होता आणि शतक संपता संपता दोन मोठे दुष्काळ पडले. पगार तोटका आणि संसार वाढता, अशा वेळी कविता ही घरात सर्वांत शेवटी जेवणारी सून असते. ती मागत नाही, म्हणून तिला कोणी वाढीत नाही.

याच वीस वर्षांत मराठी कविता मात्र झपाट्याने बदलत होती आणि त्या बदलाचे एक केंद्र आपल्या खानदेशात होते. जळगाव येथे नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले आणि कित्येक वर्षे चिकाटीने चालविले. पुण्या-मुंबईपासून दूर, कापसाच्या बाजारपेठेच्या गावी, कवितेचे मासिक चालविणे हे धाडसच होते. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या फैजपूर येथील शाळेत शिकवीत होते. १९०५ साली हुबळी येथे अकाली त्यांचे निधन झाले. धुळे येथे १८७२ साली, म्हणजे गुप्ते जन्मले त्याच वर्षी, विनायक जनार्दन करंदीकर यांचा जन्म झाला. ‘विनायक’ या नावाने त्यांनी राष्ट्रप्रेमाची आणि इतिहासातील वीरस्त्रियांची कविता लिहिली. १९०७ साली जळगाव येथे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले. तेथे धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी आपल्या कवितेने सर्वांना थक्क केले आणि ‘बालकवी’ हे नाव मिळविले.

मलकापूरहून जळगाव रेल्वेने किती जवळ आहे, हे आपण सर्व जाणतो. ज्या वयात मनुष्य भरास येतो त्या वयात गुप्ते यांच्या डोळ्यांदेखत एक नवे काव्ययुग उभे राहत होते. समवयस्क नावारूपास येत होते आणि वयाने लहान असलेले पुढे निघून जात होते. ज्याने एकदा लिहिले आहे आणि मग सोडले आहे, त्याला दुसऱ्याचे चांगले लेखन वाचताना आनंदाबरोबर एक बारीक कळही येते. अशा स्थितीत बहुतेक माणसे दोहोंपैकी एक काहीतरी करतात. काही जण कवितेची थट्टा करू लागतात आणि काही जण आपल्याला जमले असते पण वेळच मिळाला नाही, असे आयुष्यभर सांगत राहतात. गुप्ते यांच्या पुढील कवितेत या कडवटपणाचा लवलेशही आढळत नाही. यावरून मला असे वाटते की, मौनाच्या काळात त्यांनी लेखणी ठेवली असली तरी कान बंद केले नव्हते. भाषा त्यांच्या मनात मुरत होती.

१९०९ साली धुळ्याचे कवी विनायक वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच निवर्तले. दोन वर्षांनी, १९११ साली, त्यांच्याच वर्षी जन्मलेले गुप्ते पुन्हा लिहू लागले. त्यांचे वय तेव्हा एकोणचाळीस होते. एकाची वाणी थांबली आणि दुसऱ्याची खऱ्या अर्थाने सुरू झाली. पुढे १९१८ साली बालकवीही जळगावनजीक भादली स्टेशनात रेल्वेच्या अपघातात गेले. तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कोणाला किती वर्षे मिळतील याचा हिशेब कोणाच्याच हाती नसतो.

पुन्हा लिहिताना गुप्ते यांनी आपले जुने नाव घेतले नाही. त्यांनी ‘बी’ हे नाव धारण केले. मधमाशी या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ते घेतले असे सांगितले जाते. मराठी कानाला मात्र त्यात मातीत पडून राहिलेले बीही ऐकू येते. मधमाशी फुलाफुलावर जाऊन थोडे थोडे जमविते, आणि बी बराच काळ दिसेनासे होऊन मग वर येते. दोन्ही अर्थ या कवीला शोभतात. नव्या नावाचा दुसराही एक लाभ झाला असावा असे मला वाटते. जुन्या नावाबरोबर जुनी अपेक्षा आणि जुना संकोच येतो. वीस वर्षांपूर्वीचा उमेदीचा तरुण आणि आजचा प्रौढ संसारी कारकून यांची तुलना कोणी करावी, अशी भीती राहते. नव्या नावाला मागचा हिशेब नसतो.

पुनरागमनाच्या काळातील त्यांची ‘वेडगाणे’ ही कविता पाहावी. प्रौढ माणसाने इतके मोकळे, नादात रंगून गेलेले काव्य लिहावे याचे नवल वाटते. ‘डंका’ या कवितेत रूढींविरुद्ध उभे राहण्याचा आवेश आहे आणि केशवसुतांच्या परंपरेशी तिचे नाते उघड दिसते. परंतु सामान्य वाचकांच्या घराघरांत पोहोचल्या त्या ‘माझी कन्या’ आणि ‘चाफा’ या दोन कविता.

‘माझी कन्या’ मी वर्गात अनेक वर्षे शिकविली. चांगल्या घरच्या मुली रेशमी पोलकी घालून, नटून-थटून आल्या आणि त्यांच्यातील एकीने कवीच्या साध्या वेशातील मुलीला हिणवले. मुलगी रडत घरी आली. बाप तिला जवळ घेऊन समजावतो, एवढाच प्रसंग आहे. एका वर्षी ही कविता शिकवीत असताना तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. तिचे वडील जिनिंग फॅक्टरीत हमाल होते. मी वर्गाला तेव्हा एवढेच सांगितले की, हा कवी स्वतः लहान पगाराचा कारकून होता. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने संपूर्ण कविता पाठ म्हणून दाखविली. एकोणीस वर्षांच्या तरुणाला ही कविता लिहिता आली नसती, असे त्या दिवशी माझ्या मनात आले. तिच्यासाठी स्वतःच्या घरची ओढाताण पाहावी लागते आणि आपल्या लेकराच्या डोळ्यांतले पाणी आपल्याला पुसता येत नाही, ही वेदना बापाच्या पोटात असावी लागते. मौनाची वीस वर्षे वाया गेली नाहीत, ती अशा कवितेच्या कामी आली.

‘चाफा’ या कवितेचा तर अर्थ लावण्यातच विद्वानांच्या पिढ्या गेल्या. रुसून बसलेल्या, अबोल झालेल्या चाफ्याला त्याचा सोबती रानावनांतून, डोंगरांतून हिंडवितो, नाना परींनी रिझवितो. चाफा काही केल्या बोलत नाही. अखेर सारे बाह्य उपाय सरतात, दोघांमधील दुजेपणा उरत नाही आणि चाफा फुलून येतो. कोणी यात जीव आणि शिव यांचे मीलन पाहिले, कोणी प्रेमाचे, तर कोणी कवी आणि त्याची प्रतिभा यांचे. लता मंगेशकर यांच्या स्वरात आणि वसंत प्रभू यांच्या संगीतात हे गीत रेडिओवरून खेड्यापाड्यांत पोहोचले. ते गुणगुणणाऱ्या कित्येकांना कवीचे खरे नाव आजही ठाऊक नसते. मी विद्वान नाही. मला मात्र ही कविता वाचताना प्रत्येक वेळी असे वाटते की, दीर्घकाळ न बोललेले मन कसे खुलते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच ते असे सांगता येईल. जुलमाने ते बोलत नाही. संगत मात्र सोडायची नसते.

अशी उदाहरणे अन्य देशांतही आहेत. फ्रान्स देशातील पॉल व्हालेरी हे कवी १८७१ साली, म्हणजे आपल्या ‘बी’ कवींच्या आधी एकच वर्ष, जन्मले. १८९२ च्या सुमारास तेही कवितेपासून दूर झाले. युद्धखात्यात आणि नंतर एका वृत्तसंस्थेच्या संचालकाचे चिटणीस म्हणून त्यांनी नोकरी केली. सुमारे वीस वर्षांनी ते कवितेकडे वळले आणि १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दीर्घ काव्याने त्यांना अग्रस्थानी नेले. मधल्या काळात ते रोज पहाटे उठून वहीत विचारांची टिपणे करीत असत. वऱ्हाडातील कारकून आणि पॅरिसमधील चिटणीस यांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही दोघांचे मौन जवळजवळ एकाच वर्षी सुरू झाले आणि जवळजवळ तितकेच चालले. मनुष्याचे मन सर्वत्र सारखेच असते, याची ही साक्ष नव्हे काय?

पुन्हा लिहू लागल्यावरही ‘बी’ यांनी घाई केली नाही. गमावलेली वर्षे भरून काढण्यासाठी त्यांनी कवितांचा ढीग रचला नाही. ते स्वभावतः प्रसिद्धीपासून दूर राहणारे होते. त्यांचा पहिला काव्यसंग्रह ‘फुलांची ओंजळ’ १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते. आचार्य अत्रे यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. विडंबनकार म्हणून ज्यांच्या लेखणीचा कवींना धाक वाटे, त्या अत्र्यांनी या अबोल कवीचे मोल जाणून ते महाराष्ट्रापुढे मांडले, ही गोष्ट दोघांनाही भूषणावह आहे. संग्रहाचे नावही किती यथार्थ! टोपलीभर नव्हे, ओंजळभर. त्यांच्या आयुष्यातील सर्व कविता एकत्र केल्या तरी त्या पन्नासाच्या आतच भरतात. तेवढ्यावर त्यांचे स्थान आजही अढळ आहे.

३० ऑगस्ट १९४७ रोजी छिंदवाडा येथे त्यांचे देहावसान झाले. देश स्वतंत्र होऊन तेव्हा अवघे पंधरा दिवस झाले होते. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी स्वतंत्र भारतात डोळे मिटले.

आता थोडे आपल्याविषयी. आमचे एक मामा धुळे जिल्ह्यात तलाठी होते. त्यांना अभंग आणि ओव्या रचण्याचा नाद होता. नोकरीत तो सुटला. निवृत्तीनंतर आम्ही त्यांना लिहिण्याचा आग्रह केला की ते म्हणत, आता हे वय लिहिण्याचे नव्हे, हसतील लोक. ते वारल्यावर घर रंगविताना त्यांच्या वह्या इतर कागदांबरोबर रद्दीत गेल्या. मला कळले तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांत चांगले किती आणि साधारण किती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. मामांनी वयाच्या साठाव्या वर्षी जे उशिराचे मानले, त्याहून दोन वर्षे अधिक वयात ‘बी’ यांचे पहिले पुस्तक निघाले होते. ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक असती, तर मी त्यांना सांगितली असती. त्यांनी ऐकले असते की नाही, कोण जाणे. परंतु सांगावयास हवी होती, ही खंत राहून गेली.

माझी स्वतःचीही एक वही होती. अध्यापक विद्यालयात असताना लिहिलेली. नोकरी लागली, मुले झाली, आणि वही पत्र्याच्या पेटीच्या तळाशी गेली. निवृत्तीनंतर एका दिवाळीस घर आवरताना सौभाग्यवतींनी ती काढून माझ्या पुढ्यात ठेवली. जुने लेखन वाचून मला हसू आले आणि लाजही वाटली. पुष्कळसे कच्चे होते. परंतु वहीची मागची पाने कोरी होती. त्या पानांवर गेल्या दोन वर्षांत मी चार कविता लिहिल्या आहेत. त्या चांगल्या आहेत असा माझा दावा नाही. इतकेच सांगतो की, पहिली ओळ लिहिण्यास मला तीन महिने लागले आणि चौथ्या कवितेपर्यंत हाताचा कंप बराच कमी झाला.

प्रत्येक जण ‘बी’ होत नाही, हे उघड आहे. वीस वर्षांच्या मौनानंतर ‘चाफा’ लिहिणारा लाखांत एखादा. म्हणून मौन हे प्रतिभेचे लक्षण आहे, असे कोणी समजू नये. मौनात पुष्कळ काही मरूनही जाते आणि ते पुन्हा येत नाही. परंतु जे उरले असेल ते शोधण्यास वयाची मर्यादा नाही, इतके तरी या चरित्रावरून ठरते. नोकरीने वा संसाराने ज्यांची लेखणी ठेववली, त्यांनी तो दोष स्वतःस लावून घेऊ नये. जे काम पत्करले ते त्यांनी निष्ठेने केले. आता वेळ मिळाला आहे, तर जुन्या नावाने नाही तर नव्या नावाने, पुष्कळ नाही तर ओंजळभर लिहावे.

तरुण मंडळींना एक विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या पेट्या, फडताळे आणि माळे झाडताना हाती लागणारी वही उघडून पाहिल्याशिवाय टाकू नये. आजीने लिहून ठेवलेली जात्यावरची ओवी असो, वडिलांची तारुण्यातील गोष्ट असो, की काकांनी बसविलेल्या नाटकाची नक्कल असो, ती जपावी आणि शक्य तर त्यांच्या हयातीतच त्यांच्यासमोर ठेवावी. वहीत कोरी पाने असतील, तर ती दाखवावी. आपल्या स्मरणिकेत अशा लेखनास जागा मिळेल, अशी मला खात्री वाटते.

मलकापूरच्या स्टेशनावरून आता दिवसातून अनेक गाड्या जातात. पुढच्या वेळी अकोल्याच्या वा नागपूरच्या वाटेवर गाडी तेथे थांबली, तर आपल्या मुलाबाळांना खिडकीतून ते नाव दाखवावे आणि सांगावे की, वीस वर्षे गप्प राहून पुन्हा बोललेला कवी या गावचा.